टेकू

सही करणं ही काही कला आहे, असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. नोकरीत असताना मी दिवसाला शंभरेक सह्या ठोकत असे, त्याही वर काय लिहिलंय ते न वाचता. पण गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो आणि खिडकीपलीकडच्या मुलीनं माझी सही दोनदा परत केली.

"आजोबा, सही जुळत नाही."

मी जिवंत आहे याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. जो जिवंत आहे तो मीच, एवढंच तिला पटत नव्हतं.

दोष तिचा नव्हता, माझ्या उजव्या हाताचा होता. वर्षभरात तो थरथरायला लागला आहे. चहाचा कप बशीत ठेवताना आमच्या घरी आता जलतरंग ऐकू येतो. "अहो, मनगट टेकवा ना जरा कशावर तरी," ही मागून म्हणाली. चार लोकांच्या देखत बायकोनं असं सांगणं म्हणजे काय, हे ज्यांना बायको आहे त्यांना मी सांगायला नको. "मला टेकू लागत नाही," मी बाणेदारपणे म्हटलं आणि तितक्याच बाणेदारपणे तिसरी सही केली. ती बँकेतल्या सहीशी तर जुळलीच नाही, पण आधीच्या दोघींशीही जुळली नाही. "उद्या या आजोबा," मुलगी म्हणाली.

घरी येताना रिक्षात मला आमचे उस्ताद आठवले.

चीनच्या आक्रमणानंतर, १९६३ साली, कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली आणि ती सक्ती १९६८ पर्यंत टिकली. देशाच्या संरक्षणाची मदार आपल्यावर आहे असं त्या पाच वर्षांत अनेक किडकिडीत मुलांना वाटलं, त्यांत मी एक. १९६६ साली आम्हाला पॉइंट टू-टूची रायफल चालवायला नेलं. पालथं झोपायचं, नळी समोरच्या वाळूच्या पिशवीवर टेकवायची आणि पाच गोळ्या झाडायच्या. मी ती पिशवी बाजूला सारली. सिनेमात कुठला नायक पिशवीवर बंदूक टेकवतो? माझ्या पाच गोळ्या झाल्या. माझं टार्गेट कोरं होतं. शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर मात्र सहा भोकं निघाली आणि त्याला शाबासकी मिळाली. उस्ताद साताऱ्याकडचे हवालदार होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरा, बंदूक खांद्यानं नाय धरायची, जमिनीनं धरायची."

वाक्य मोठं होतं, पण मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. अठराव्या वर्षी मोठी वाक्यं कळत नाहीत, फक्त पाठ होतात.

तर त्या रात्री झोप येईना, म्हणून मी पुस्तकं काढून बसलो. बंदूक टेकवण्याची लाज फक्त मलाच वाटली, की आणखी कुणाला वाटली होती, हे मला पाहायचं होतं. आणि काय सांगू? बंदुकीचा इतिहास म्हणून जो सांगतात, तो निम्मा टेकूचाच इतिहास आहे.

पहिला टेकू धक्क्यासाठी होता. पंधराव्या शतकात युरोपातल्या किल्ल्यांवर ज्या बंदुका होत्या, त्यांच्यातल्या कित्येकींच्या नळीखाली लोखंडी आकडा असे. बंदूक तटाच्या कठड्यावर ठेवायची, आकडा कठड्याच्या बाहेरच्या अंगाला अडकवायचा आणि मग बत्ती द्यायची. बंदूक मागे उसळली की तिचा लाथाडा माणसाच्या खांद्याऐवजी भिंतीला बसायचा. जर्मन लोक तिला 'हाकेनब्युक्से' म्हणत, म्हणजे आकडेवाली बंदूक. त्याच शब्दाचा अपभ्रंश होत होत 'आर्किबस' झाला. म्हणजे बघा, बंदुकीला नाव मिळालं ते नळीवरून नाही, गोळीवरून नाही, तर टेकूवरून.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. गडाच्या तटात ज्या उतरत्या तिरक्या खिडक्या असतात, त्यांना जंग्या म्हणतात. सहलीला आलेली मुलं हल्ली त्यातून तोंड काढून फोटो काढून घेतात, पण त्या केल्या होत्या बंदुकीसाठी. आतल्या माणसाला आडोसा आणि नळीला आधार, दोन्ही कामं एका भोकात. आणि जेजाला नावाची जी लांबलचक जड बंदूक आपल्या जुन्या कागदांत भेटते, ती असा काही आधार मिळाल्याशिवाय चालवायची म्हणजे भीमालाच बोलवायला हवं. १५२६ साली पानिपतावर बाबराने तर सातशे गाडे चामड्याच्या दोरांनी एकमेकांना बांधून फौजेपुढे उभे केले आणि बंदूकवाले त्यांच्या आड ठेवले. समोर इब्राहिम लोदीचं सैन्य संख्येनं कितीतरी जास्त होतं. दिल्लीचं राज्य गेलं ते अशा रीतीनं बैलगाड्यांना टेकलेल्या लोकांच्या हाती.

दुसरा टेकू वजनासाठी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मस्केट नावाची बंदूक काढली. चिलखत फोडायचं तर गोळी जड हवी, गोळी जड तर नळी जाड, आणि नळी जाड तर बंदूक सात ते नऊ किलोंची. गिरणीतून दळणाचा डबा आणताना मी दोनदा खाली ठेवतो. तेवढंच ओझं खांद्याला लावून, डोळा मिटून, नेम धरून उभं राहायचं म्हणजे चेष्टा नव्हे. म्हणून प्रत्येक मस्केटवाल्याला एक काठी दिली. वरच्या टोकाला लोखंडी बेचकं, खालच्या टोकाला जमिनीत रुतणारी अणी. बेचक्यात नळी ठेवायची आणि बार काढायचा. १५६७ साली ड्यूक ऑफ आल्बा नेदरलँड्सवर चालून गेला तेव्हा त्याच्या पलटणींत असे मस्केटवाले होते. सगळा युरोप त्यांना टरकत असे. आणि हे सगळे शूर वीर हातात काठी घेऊन हिंडत होते, हे लक्षात घ्या.

ही काठी सांभाळणं सोपं नव्हतं. याकोब द गेन नावाच्या डच चित्रकाराने १६०७ मध्ये हेगला कवायतीचं एक सचित्र पुस्तक छापलं. त्यात एकट्या मस्केटवाल्याची ४३ चित्रं आहेत. डाव्या हाताच्या बोटांत दोन्ही टोकांनी जळता तोडा, त्याच हातात काठी, वेळेला बंदूकही त्याच हातात. उजव्या हातानं लाकडी कुपीतली दारू नळीत ओतायची, गोळी सोडायची, गजानं ठासायची. छातीवर दारूच्या कुप्यांची माळ, आणि हातभर अंतरावर निखारा! आमच्या घरी गॅसचा सिलिंडर बदलताना शेगडीशेजारची उदबत्तीसुद्धा विझवतात. चित्रांतले ते दाढीवाले गृहस्थ मात्र अगदी शांत दिसतात. बहुधा चित्रकाराला बसवून ठेवायला वेळ होता म्हणून.

एवढ्या सगळ्या हातातल्या पसाऱ्यात काठीचा दुसरा काही उपयोग करता येईल का, हा विचार काटकसरी लोकांना सुचणारच. कुणी तिच्या टोकाला भाल्याचं पातं बसवलं. घोडेस्वार अंगावर आले की टेकूचाच भाला. रशियात इव्हान द टेरिबलने १५५० साली स्त्रेल्त्सी नावाची बंदूकधारी फौज उभी केली. त्यांच्याजवळ लांब दांड्याची चंद्रकोरीसारखी कुऱ्हाड असे, तिला बर्दिश म्हणतात. ती जमिनीत रोवून तिच्यावर बंदूक टेकवत, असं सांगितलं जातं. बार संपले की कुऱ्हाड आहेच. आमच्याकडे छत्रीची काठी करतात, तसलाच प्रकार.

पुढे बंदुका हलक्या होत गेल्या आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपच्या फौजांतून ही बेचक्याची काठी बहुतेक गेली. सैनिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. पण टेकू गेला नाही. तो फक्त आपला वेष बदलतो.

आमच्या बाजूला तर त्यानं चार पायांचा वेष घेतला. उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंटीवर छोटी तोफ बसवायची, तिला जंबुरक म्हणत. 'जंबूर' म्हणजे फारसीत गांधीलमाशी. आपल्याकडे सुतरनाळही म्हणत, कारण 'शुतुर' म्हणजे उंट. उंट गुडघे टेकून बसवला की तोफेचा गाडा तयार, उठवला की गाडा चालायला लागला. बैल नको, रस्ता नको. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर अब्दालीजवळ अशा जंबुरकांचं मोठं पथक होतं. आपल्या जड तोफा एकदा लावल्या की हलवणं मुश्कील. त्याच्या गांधीलमाश्या पाहिजे तिकडे वळत. पानिपताची कारणं शोधत आपण अडीचशेहून जास्त वर्षं एकमेकांशी भांडतो आहोत. भाऊसाहेब, विश्वासराव, मल्हारराव सगळ्यांवर खापर फोडून झालं, आता थोडं त्या गुडघे टेकणाऱ्या उंटांच्याही पदरात टाकायला हरकत नाही.

अफगाणांचीच दुसरी चीज म्हणजे जेझेल, ही लांब नळीची बंदूक. कित्येकदा तिला पुढे बेचक्याचे दोन पाय जोडलेले असत, नसतील तर डोंगरातले दगड होतेच. जानेवारी १८४२ मध्ये इंग्रजांची फौज काबूल सोडून बर्फातून जलालाबादेकडे निघाली, तेव्हा वरच्या कड्यांवरून या बंदुकांनी तिची चाळण केली. इंग्रजी मस्केटची गोळी तिथवर पोचतच नव्हती. १३ जानेवारीला जलालाबादेच्या वेशीपाशी एका थकलेल्या घोड्यावर डॉक्टर ब्रायडन एकटा आला. शेरलॉक होम्सच्या डॉक्टर वॉटसनलाही पुढे मैवंदच्या लढाईत जेझेलचीच गोळी लागली होती. ती पहिल्या कादंबरीत खांद्याला लागते आणि दुसरीत पायाला. जेझेल टेकवलेली असली, तरी लेखकाचा हात टेकवलेला नसावा.

तिसरा टेकू थरथरीसाठी, म्हणजे माझ्या कामाचा. नळी एका अंशाच्या साठाव्या भागानं हलली तरी शंभर यार्डांवर गोळी सुमारे इंचभर सरकते. आणि माणूस तर सतत हलत असतो. श्वास घेतला की छाती हलते, श्वास धरला तरी काळीज धडधडतच असतं. धीट माणसाचंही धडधडतं. म्हणजे थरथर हा भित्रेपणा नाही, ती जिवंत असण्याची खूण आहे. हे वाचलं आणि मला वाटलं, हयातीच्या दाखल्याला सहीऐवजी थरथरच का घेत नाहीत?

या प्रकरणात मला सगळ्यात धीर दिला तो व्हिक्टोरिया राणीनं. जुलै १८६० मध्ये विंबल्डनच्या माळावर नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धा भरल्या. उद्घाटनाची पहिली गोळी राणीनं झाडायची होती. व्हिटवर्थ या कारखानदारानं आपली रायफल लोखंडी घोडीवर घट्ट आवळून, नेम लावून ठेवली. राणीनं फक्त घोड्याला बांधलेली रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. टाळ्या राणीला पडल्या. निम्म्या जगावर राज्य करणाऱ्या बाईला टेकू घ्यायची लाज वाटली नाही.

टेकूची सगळीच कहाणी अशी सोवळी नाही. अमेरिकेत १८७०च्या दशकात शिकारी दोन काठ्या फुलीसारख्या बांधून त्यावर जड शार्प्स रायफल ठेवत आणि एका जागी बसून गवे टिपत. दहा-पंधरा वर्षांत त्या माळरानावरचे लाखो गवे जवळपास संपले. हात स्थिर असणं हा काही सद्गुण नव्हे. तो कशावर रोखलाय ते पाहावं लागतं.

मग मला वाटलं, निदान आजच्या स्पर्धांतले नेमबाज तरी बिनटेकूचे असतील. २०२४ साली पॅरिसला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांत, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं, ब्राँझ मिळवलं. रेल्वेतला टीसी, त्यामुळे नजर तयार होतीच. तिथल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. बंदुकीखाली पिशवी चालत नाही, घोडी चालत नाही. पण गुडघ्यावर बसताना घोट्याखाली छोटी गुंडाळी घेऊ देतात, आणि उभ्यानं मारताना नेमबाज डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर ठेवतात. भार स्नायूंनी नाही, हाडांनी पेलायचा, कारण स्नायू थकतात आणि थरथरतात. नळीचं ओझं हातावरून हाडात, हाडातून पायात आणि पायातून जमिनीत.

बंदूक जमिनीनं धरायची! साताऱ्याचे उस्ताद अठ्ठावन्न वर्षांपूर्वी पॅरिसचं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बँकेत गेलो. वाटेत हिनं वाण्याकडून दोन किलो साबुदाणा घेतला होता, एकादशी होती. खिडकीपाशी आल्यावर मी हिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "ती पिशवी दे जरा."

हिनं काही विचारलं नाही. पिशवी खिडकीच्या फळीवर ठेवली, हातानं थापटून मध्ये खळगा केला. मी मनगट खळग्यात ठेवलं, अर्धा श्वास सोडला आणि सही केली. मुलीनं ती संगणकावरच्या सहीशेजारी धरून पाहिली आणि शिक्का मारला.

"आज छान जुळली, आजोबा."

"पिशवीवर टेकवली ना," ही म्हणाली. हिला काही गुप्त ठेवता येत नाही.

बाहेर आलो तर पायऱ्यांना कठडा नव्हता. पिशवी माझ्या डाव्या हातात होती. उजवा हात मी हिच्या खांद्यावर ठेवला. हिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पायऱ्या मोजत उतरायला लागली. खाली पोचल्यावरही मी तो लगेच काढला नाही.