लखनौची झुंबरे : एक जमाखर्च

लखनौस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाच्या घरी देशाकडचे पाहुणे उतरले म्हणजे त्यांस हुसेनाबादचा इमामवाडा दाखविणे हे ओघानेच येते. मुहम्मद अली शहाने १८३८ च्या सुमारास उभारलेल्या या वास्तूत पाऊल टाकताच छतापासून लोंबणारी बिलोरी झुंबरे दृष्टीस पडतात. ती बेल्जममधून आल्याचे वाटाड्या सांगतो. पाहुणे मान वर करून थोडा वेळ पाहतात आणि बाहेर पडताना बहुधा एकच उद्गार काढतात : ‘असल्या शौकापायीच राज्य बुडाले!’ आम्हीही कित्येक वर्षे हेच म्हणत आलो. परंतु असली काच सातासमुद्रांपलीकडून येथवर आली कशी, आणली कोणी आणि तिचे पैसे कोणाच्या पदरी पडले, याचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा तो उद्गार अर्धाच खरा असल्याचे आम्हांस आढळून आले. तो जमाखर्च वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे लंडनहून निघत, तेव्हा त्यांच्या पोटात कंपनीचा माल म्हणजे मुख्यतः लोकरी कापड, लोखंड, तांबे, शिसे असा जड ऐवज असे. मात्र कप्तानास आणि त्याच्या हाताखालील अधिकाऱ्यांस स्वतःच्या व्यापारासाठी जहाजातील काही जागा विनामूल्य मिळे. पगार बेताचा, खरी कमाई या सवलतीची. या जागेत कप्तान जो माल भरी, त्यास एकच एक नाव देणे कठीण. काचेची भांडी, आरसे, घड्याळे, बंदुका, टोप्या, पुस्तके, वाद्ये, मुरवलेले मांस, चीज, मद्याची पिंपे असा तो सारा भेळमिसळ बाजार असे. काच पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत ठेवीत. जड वस्तू तळाशी, नाजूक वस्तू वर. मदिरा बेटावरचे मद्य तर उष्ण समुद्रातील हेलकाव्यांनी अधिकच चविष्ट होते अशी ख्याती असल्याने त्याची पिंपे मुद्दाम वाटेत भरून घेत.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचावयास साधारण सहा महिने लागत. कलकत्त्यास हा माल विकणारी दुकाने ‘युरोप दुकाने’ म्हणून प्रसिद्ध होती. एकाच मोसमात चार जहाजे सारखाच माल घेऊन आली की भाव कोसळे आणि माल लिलावात जाई. एखाद्या वर्षी जहाजे उशिरा आली की त्याच टोपीस चौपट किंमत येई. म्हणून कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांचे डोळे सदैव वरच्या प्रांतांकडे लागलेले असत. तेथे, गोमतीच्या काठी, भाव न विचारणारे एक गिऱ्हाईक बसले होते.

हे गिऱ्हाईक म्हणजे नवाब असफउद्दौला. पानिपतामुळे त्याचा बाप सुजाउद्दौला मराठी माणसाच्या चांगलाच परिचयाचा आहे. मुलाने १७७५ मध्ये गादीवर येताच राजधानी फैजाबादेहून लखनौस हलविली आणि १७९७ पर्यंत राज्य केले. त्याच्यासाठीचा माल कलकत्त्याहून नावांत चढे, राजमहाल, पाटणा, गाझीपूर करीत गंगेतून वर येई आणि कैथीजवळ, जेथे गोमती गंगेस मिळते तेथे, वळून जौनपूर व सुलतानपुरावरून लखनौस लागे. प्रवाहाविरुद्धचा प्रवास, वारा पडला की नावाडी काठावर उतरून दोरांनी नाव ओढीत. लंडनमध्ये पेंढ्यात बांधलेला आरसा शाबूत पोचला, तर त्यामागे किती हातांची काळजी असे याची कल्पना केलेली बरी. आणि पोचलेल्या प्रत्येक आरशाच्या किमतीत न पोचलेल्या आरशांची किंमतही मिळविलेली असे, हे सांगावयास नकोच.

असफउद्दौल्याने या वस्तूंचा एक आईनाखानाच थाटला होता. लुई फर्डिनंड स्मिथ नावाच्या युरोपीयाने १७९५ च्या सुमारास त्याचे वर्णन लिहून ठेविले आहे. त्यात दीड हजार दुनळी बंदुका आणि सतराशे झुंबरे यांची गणती असून नवाब दरसाल सुमारे २ लक्ष पौंड इंग्रजी मालावर खर्च करतो असेही म्हटले आहे. हा आकडा आम्ही एका पाहुण्याचा अंदाज म्हणूनच घेतो. तरी त्यावरून खर्चाचे मान कळते.

या व्यवहारात मध्यस्थ म्हणून ज्यांचे भले झाले, त्यांत क्लॉद मार्टिन हा सर्वांत चतुर. फ्रान्समधील लिआँ येथे १७३५ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ फ्रेंच फौजेतून इंग्रजांकडे आला आणि लखनौच्या शस्त्रागाराचा प्रमुख झाला. नवाबास विलायती वस्तू पुरवाव्या, गरजवंतांस व्याजाने पैसे द्यावे, इमारती बांधून भाड्याने द्याव्या, नजफगडास नीळ पिकवून ती परदेशी पाठवावी, असे त्याचे अनेक उद्योग होते. माल येतानाही नफा आणि जातानाही नफा! १८०० मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या घरातील वस्तूंची यादी एखाद्या जहाजाच्या मालयादीसारखीच लांबलचक झाली. कलकत्त्याच्या राजभवनातील काही झुंबरे त्याच्याच मालमत्तेतून विकत घेतलेली, असे सांगतात. म्हणजे जी काच गंगेने वर आली, तिच्यातली काही गंगेनेच खाली गेली. त्याच्या संपत्तीतून लखनौ, कलकत्ता व लिआँ येथे शाळा निघाल्या. लखनौची ला मार्टिनियर त्याच्याच ‘कॉन्स्टान्शिया’ या वाड्यात आजही भरते आणि त्याची कबरही त्याच वास्तूच्या तळघरात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा शौक राज्यास भोवला काय?

स्मिथचा आकडा जसाच्या तसा खरा मानला आणि पौंडाचे त्या वेळी आठ ते दहा रुपये धरले, तर विलायती मालाचा वार्षिक खर्च १६ ते २० लक्ष रुपये होतो. रयतेच्या घामाचा पैसा म्हणून तो निंद्यच ठरेल. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु वहीचे दुसरे पानही उलटून पाहिले पाहिजे. कंपनीच्या फौजेच्या खर्चापोटी अवधने द्यावयाची रक्कम कॉर्नवॉलिसने १७८७ मध्ये ‘कमी करून’ ठरविली ती वार्षिक ५० लक्ष. आणि १७९८ च्या तहाने सादत अली खानावर ती ७६ लक्षांपर्यंत चढविली गेली. ती भागेना म्हणून १८०१ मध्ये जवळजवळ अर्धे राज्यच लिहून घेतले. झुंबराच्या बदल्यात निदान झुंबर तरी मिळत होते. ज्या फौजेवर आपली हुकमत नाही आणि जिला निरोप देण्याची मुभा नाही, तिच्या बदल्यात अवधला काय मिळाले?

महाराष्ट्रास हे गणित नवे नाही. अवध अर्धे झाले, त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईस तह केला आणि तैनाती फौजेसाठी २६ लक्षांचा मुलूख तोडून दिला. बाजीरावाच्या दुर्गुणांची यादी आपण शाळेपासून पाठ केली आहे, आणि ती खोटीही नाही. पण राज्य गिळणाऱ्याने गिळलेल्याच्या दुर्गुणांची यादी एवढ्या काळजीने का लिहून ठेविली, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. लखनौत तो नवाबांच्या बाबतीत विचारावासा वाटतो.

या मालाचा शेवटही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८५६ मध्ये राज्य खालसा झाले. मार्च १८५८ मध्ये इंग्रजी फौज कैसरबागेत शिरली, तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल तेथे हजर होता. शिपायांनी आरसे व झुंबरे कशी फोडली, किनखाबी वस्त्रे कशी आगीत टाकली आणि जडजवाहीर कसे खिशांत घातले, हे त्याने न लपविता लिहिले आहे. जे हलके व मोलाचे होते ते खलाशांच्या व शिपायांच्या सामानातून पुन्हा समुद्रापार गेले. जे जड व ठिसूळ होते त्याचा चुरा झाला. त्याच वसंतात झाशीत अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी सोन्यारुप्यापासून तांब्यापितळेच्या भांड्यांपर्यंत आणि अखेर धान्यापर्यंत चाललेली लूट डोळ्यांनी पाहिली. ‘माझा प्रवास’ वाचलेल्यास कैसरबागेचे चित्र वेगळे रंगवून दाखवावे लागत नाही.

पुढे १८६७ मध्ये कानपूर-लखनौ रेल्वे झाली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आणि एकेकाळी नवाबाच्या आईनाखान्यात मावणारा माल हजरतगंजच्या दुकानांतून कोणासही मिळू लागला. आज उलट दिशेने लखनौचे चिकनकाम पोलादी पेट्यांतून मुंबईकडच्या बंदरास जाते आणि तेथून परदेशी. चौकाच्या गल्लीत एका कुर्त्याच्या भरतकामाबद्दल कारागीर स्त्रीच्या हाती काय पडते आणि परदेशच्या दुकानात त्यावर कोणती किंमत लटकते, यांतील अंतर पाहिले म्हणजे जुन्या मालयाद्या आठवतात. माल कोठून कोठे गेला, हे बंदराची वही सांगते. कोणाचे किती गेले, हे तिच्यात लिहिलेले नसते.

म्हणून यापुढे पाहुण्यांस घेऊन हुसेनाबादेस गेलो आणि तो ठरलेला उद्गार कानी आला, की आम्ही त्यांस एवढेच सांगणार आहोत : शौकाचा खर्च मांडला, तो रास्तच. आता त्याच्याखाली फौजेचा खर्चही मांडा, आणि मग बेरीज करा.