सादळलेली पत्ती: गोव्याच्या नगारखान्यातली एक न नोंदलेली विद्या

फोंड्याकडची देवळं पाहायला गेलो की आपण दीपस्तंभ, तळी, नगारखाना यांचे फोटो भरपूर काढतो. मंगेशीचा देव 1560 साली कुशस्थळीहून प्रियोळला आला, हेही आपल्याला तोंडपाठ असतं. पण नगारखान्यातल्या सनईचा सूर जिच्यातून निघतो, त्या इवल्याशा पत्तीची नोंद सहसा कुणी ठेवत नाही.

सनईची पत्ती दुहेरी असते. ती धातूच्या बारीक नळीवर दोऱ्याने घट्ट बांधतात. वाजवण्याआधी तोंडात धरून ओली करावी लागते. कोरडी राहिली तर स्वर फाटतो आणि टोकाला चीर जाते. फार भिजली तर तंतू फुगतात, पत्ती मिटते आणि स्वर उतरतो. म्हणूनच जुन्या सनईला दोऱ्याने जादा पत्त्या आणि हस्तिदंताची किंवा हाडाची सुई लटकवलेली दिसते. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते, पण वादक त्या सुईने मिटलेली पत्ती उघडतो आणि बिघडलीच तर दुसरी चढवतो.

आता गोव्याचा पावसाळा बघा. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमधला. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मिठाला पाणी सुटतं. त्याच हवेत पापडासारखी पत्तीही सादळते आणि बंद डबीत राहिली तर तिच्यावर बुरशी धरते. उन्हात टाकावी तर एकदम आक्रसून तडकते. पुन्हा पुन्हा फुगणं आणि आक्रसणं हेच तिच्या जिवावर येतं. म्हणून वाजवून झालं की लाळ पुसायची, सुईने आकार नीट करायचा, सावलीत सुकू द्यायची आणि थोडी हवा खेळेल अशा डबीत ठेवायची. एकाच पत्तीवर रोज भार न टाकता आलटून पालटून वापरायची.

चर्चच्या फेस्ताला वाजणाऱ्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यालाही हाच पावसाळा काढावा लागतो. त्याची पत्ती एकेरी, पण तीही वनस्पतीचीच. आज असे वादक दमटपणा ठरावीक पातळीवर राखणाऱ्या पुड्या डबीत ठेवतात. सनईवाल्याने तेच काम बोटांच्या अंदाजावर केलं.

सनईचं लाकूड कपाटात पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, पत्ती टिकत नाही. ती बांधणारा हात गेला की त्या सनईचा जुना आवाजही गेला. अनेक देवळांत आता आरतीला विजेवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र वाजतं. तेव्हा पुढच्या खेपेला नगारखान्याचा फोटो काढून झाला की वाजंत्र्यांपाशी दोन मिनिटं बसा आणि विचारा: पत्ती कशाची, बांधतं कोण, पावसात ठेवता कुठे? उत्तरं तारीख घालून लिहून ठेवा. तेही आपल्या देवळांच्या इतिहासाचंच साधन आहे.