डोळे उघडण्याआधीचा मेंदू

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात गाय व्याली की वासरू तासा-दोन तासांत धडपडत उभं राहतं आणि आचळ शोधू लागतं. त्याच आवारात कुत्री व्याली, तर तिची पिल्लं पुढचे दहा-पंधरा दिवस डोळेसुद्धा उघडत नाहीत. आईच्या पोटाशी झोपून राहतात, आणि झोपेतच त्यांचे पाय, मिशा, शेपूट बारीक बारीक झटके घेत असतात. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गुराख्याला ठाऊक असलेल्या या फरकावर मेंदूविज्ञानाची एक शाखा उभी आहे. काही प्राणी सज्ज होऊन जन्मतात, तर काहींच्या मेंदूची घडण जन्मानंतरही जोरात चालू राहते. एरवी गर्भाशयात दडून राहणारं काम या दुसऱ्या प्रकारच्या पिल्लांमध्ये जन्मानंतर नोंदवता येतं.

या नोंदीचा मूळपुरुष म्हणजे लिव्हरपूलचे डॉक्टर रिचर्ड केटन. 1875 साली त्यांनी सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर तारा टेकवल्या आणि आरशाच्या गॅल्व्हानोमीटरवर प्रकाशाचा ठिपका हलताना पाहिला. मेंदूत वीज वाहते, हे त्या ठिपक्याने दाखवलं. माणसाच्या मेंदूची अशी नोंद व्हायला 1924 उजाडलं. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी ती घेतली, 1929 मध्ये प्रसिद्ध केली आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, जन्माला आला.

मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: ही वीज सुरू कधी होते? 1937 मध्ये हर्बर्ट जॅस्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या मेंदूतल्या लहरी वाढीच्या टप्प्यांप्रमाणे मांडल्या. गिनीपिगचं पिल्लू वासरासारखंच डोळे उघडे घेऊन जन्मतं. त्यामुळे त्याच्या घडणीचा बराचसा भाग गर्भातच उरकलेला असतो आणि नोंदीही तिथूनच घ्याव्या लागतात.

मांजराच्या पिल्लाने ही अडचण सोडवली. हार्वर्डमध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी जग अजून न पाहिलेल्या पिल्लांच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून एकेका पेशीची नोंद घेतली. 1963 साली त्यांनी सांगितलं की रेषेची दिशा ओळखणाऱ्या पेशी तिथे आधीपासून आहेत, त्यांचा प्रतिसाद मात्र अजून मंद आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात त्यांनी पिल्लाचा एक डोळा पहिले दोन-तीन महिने मिटून ठेवला. नंतर तो उघडला तेव्हा मेंदूतल्या बहुतेक पेशी फक्त दुसऱ्या डोळ्यालाच प्रतिसाद देत होत्या. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवू नये, हा आजचा आग्रह याच समजुतीवर उभा आहे. दोघांना 1981 चं नोबेल मिळालं.

एक कोडं मात्र उरलं. डोळे मिटलेले असताना मेंदूची मांडणी करतं कोण? 1988 मध्ये इटलीच्या लुचिया गाली आणि लाम्बेर्तो माफेई यांनी जन्माआधीच्या उंदराच्या डोळ्यातल्या पेशी, उजेडाचा मागमूस नसताना, आपणहून संदेश सोडताना पकडल्या. 1991 मध्ये कार्ला शॅट्झ यांच्यासह स्टॅनफर्डमधल्या चमूने फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या पिल्लाचं दृष्टिपटल 61 इलेक्ट्रोडांच्या जाळीवर ठेवलं. पेशी एकेकट्या बोलत नव्हत्या. वाऱ्याने ज्वारीचं शेत हलावं तशी एकामागून एक लाट पटलावरून सरकत होती. शेजारच्या पेशी एकत्र जाग्या होतात, म्हणून मेंदूतल्या त्यांच्या जोडण्याही शेजारी-शेजारी बसतात.

पुढची पायरी होती जिवंत, झोपलेल्या पिल्लाच्या मेंदूत हे पाहण्याची, आणि ती फार नाजूक होती. उंदराचं नवजात पिल्लू पाच-सहा ग्रॅमचं. कवटी कागदासारखी पातळ. अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही, म्हणून बाहेरून उबारा द्यावा लागतो. गुंगी दिली तर या कोवळ्या लहरी दबतात. म्हणून शस्त्रक्रियेपुरती भूल देऊन, पिल्लू सावरल्यावर डोकं अलगद स्थिर धरून नोंद घेतली जाते. 2004 मध्ये रुस्तेम खाझिपोव्ह आणि सहकाऱ्यांनी अशी नोंद घेतली. पिल्लाचा पाय फुरफुरला की क्षणात मेंदूतल्या पायाच्या जागी लहरींचा झुपका उठे. हालचाल आधी आणि मेंदूतली लहर नंतर, असा हा क्रम होता. आयोवातल्या मार्क ब्लमबर्ग यांनी झोपेतल्या झटक्यांवर वर्षानुवर्षं काम करून हेच ठसवलं. हे झटके स्वप्नांची सांडलवंड नाहीत. कोणता स्नायू कुठे आहे, हे शरीर त्यांतून मेंदूला शिकवत असतं.

उंदराच्या पहिल्या आठवड्यातला मेंदू साधारणपणे मुदतीआधी जन्मलेल्या मानवी बाळाच्या मेंदूशी जुळतो. 2007 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना 29 ते 31 आठवड्यांच्या बाळांतही हातापायांच्या हालचालींमागून तसेच झुपके उठताना दिसले.

या कुळाची एक शाखा मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. तिथे विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने प्रश्न उलटा विचारला: या दिवसांत मेंदूतली सक्रियता मुद्दाम वाढवली तर? उंदराच्या पिल्लांच्या पुढच्या मेंदूतल्या उत्तेजक पेशी जन्मानंतरच्या दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज जाग्या केल्या. ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्यात चिंता आणि हताशपणा दर्शवणारी वागणूक वाढलेली आढळली. हे काम 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे त्या कोवळ्या काळात लहरी उठायला हव्यात, आणि त्यांचं प्रमाणही राखलं जायला हवं.

केटनच्या ठिपक्यापासून इथवरच्या वाटेत हजारो मुक्या जिवांचं ऋण साठलं आहे, आणि ते फेडण्याचा एक मार्ग मला दिसतो. नवजात बाळाचं वजन आणि ऊब आपण काळजीने मोजतो. त्याच काळजीने त्याची झोपही जपली पाहिजे. विनाकारण दिवे लावू नयेत, मोठा आवाज करू नये, झोपलेल्या बाळाला हाताळायची घाई करू नये. त्या झोपेत मेंदूचं सगळ्यांत मोठं बांधकाम चाललेलं असतं.