निरोप वाहणाऱ्यांच्या लेकरांना शाळेचा निरोप का मिळत नाही?

गावगाड्यात निरोप पोचवण्याचे काम कोणाकडे होते? आपल्याच पूर्वजांकडे. दवंडी पिटायची महाराने. कोणी मेले की रात्री-बेरात्री परगावी सांगावा घेऊन पळायचे महाराने. सारा तालुक्याला पोचवायचा, आलेल्या अंमलदाराची वर्दी द्यायची, चावडीवर हजर राहायचे तेही महारानेच. गावाची सगळी माहिती ज्यांच्या पायांनी फिरली, त्यांच्याच मुलांना त्या माहितीचे अक्षर ओळखण्याची बंदी होती. निरोप वाहायचा, पण वाचायचा नाही. ही व्यवस्था बाबासाहेबांनी ओळखली होती. म्हणून 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने जायला मात्र 1958 चा कायदा उजाडावा लागला.

हा इतिहास आज का सांगतो आहोत? कारण दरवर्षी शाळा सुरू झाली की आमच्याकडे त्याच तक्रारी येतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख निघून गेली. पालकसभा झाली हे नंतर कळले. दहावीच्या फॉर्ममध्ये जातीची नोंद चुकली आणि दुरुस्तीची मुदत संपली. शाळा म्हणते, "आम्ही कळवले होते." पालक म्हणतात, "आम्हाला कोणी सांगितलेच नाही." दोघेही खरे बोलत असू शकतात. शाळेने कळवलेले असते, पण ज्याला कळायला हवे त्याच्यापर्यंत ते पोचलेले नसते. या मधल्या अंतराला आम्ही अपघात मानत नाही. या अंतराला इतिहास आहे.

1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने न्याय त्याच्या बाजूने आहे हे अमान्य केले नाही. पण एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा मोडेल, असे सांगून त्याला बाहेर ठेवले. प्रकरण वर लंडनपर्यंत गेले आणि सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, हे तत्त्व मान्य झाले. 1882 च्या हंटर आयोगानेही ते पुन्हा सांगितले. दार कागदावर उघडले. पण महारवाड्यात, मांगवाड्यात जाऊन "दार उघडले आहे, तुमची मुले पाठवा" असे सांगायचे कोणी? सावित्रीमाई आणि जोतीराव फुले, काही मिशनरी आणि आपल्यातले मोजके सुधारक सोडले, तर हे काम आपले आहे असे फारसे कोणाला वाटले नाही.

जोतीरावांना दुखण्याचे मूळ माहीत होते. हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत अशी मागणी केली. कारण सरळ होते. असा शिक्षक लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा आणि इच्छा त्याला कळतील. सोवळे पाळून अलिप्त राहणाऱ्या शिक्षकाला त्या कळणार नाहीत. म्हणजे शाळा आणि घर यांच्यातला संवाद हा प्रश्न जोतीरावांनी 1882 सालीच मांडला होता. आज त्याला 'पालक संपर्क' म्हणतात आणि एका रजिस्टरमध्ये सह्या घेऊन मोकळे होतात.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. यातली 'सक्ती' नीट समजून घ्या. मूल शाळेत न आल्यास पालकाला दंड होता. पण अशी सक्ती करायची तर राज्यालाही मूल कुठे आहे हे शोधावे लागते आणि पालकाच्या दारात जाऊन सांगावे लागते. हक्क असा द्यायचा असतो. फळ्यावर लिहून "ज्याला पाहायचे त्याने पाहावे" म्हणणे म्हणजे हक्क देणे नव्हे.

आता खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घेऊ. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराला पुढाकार घेणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी त्यांना आधीपासून ओळखत होते. सयाजीराव गायकवाड महाराजांची मदत भीमरावांपर्यंत पोचली ती गुरुजींच्या खटपटीने. ती शिष्यवृत्ती कुठल्या सूचना फलकावर वाचून मिळालेली नव्हती. एका माणसाने मध्ये उभे राहून ती मिळवून दिली. आम्ही केळुसकर गुरुजींचे ऋण मानतो. पण प्रश्नही विचारतो : ज्यांच्या वाटेत केळुसकर आले नाहीत, अशी किती मुले त्या काळात संपली? हक्क एका भल्या माणसाच्या भेटीवर अवलंबून राहिला तर तो हक्क उरत नाही, नशीब होतो.

बाबासाहेबांनी ते नशीबावर सोडले नाही. 12 मार्च 1927 रोजी कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोचतात. उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेत जातात. बरोबर आठ दिवसांनी, 20 मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करणारा बोले ठराव 1923 सालीच मंजूर झाला होता. चार वर्षे तो कागदावर पडून होता. ठरावाला पाय फुटत नाहीत, आपल्यालाच ते व्हावे लागते, हा महाडचा धडा आहे. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' ही पत्रेही याच कामासाठी होती. ज्यांच्यापर्यंत सरकारचा कागद येत नव्हता, त्यांच्यापर्यंत बातमी, हक्क आणि विचार नेण्यासाठी.

आज कायदा आपल्या बाजूने बराच आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात 75 टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा हवी. पण हा कायदा 6 ते 14 वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववी-दहावीत हे छत्र डोक्यावरून जाते. आणि नेमके तिथेच मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती, मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, बोर्डाचा फॉर्म, शाळेच्या दाखल्यावरची जातीची नोंद असे सगळे निर्णायक कागद येतात. ज्या दोन वर्षांत माहितीची गरज सर्वांत जास्त, त्याच दोन वर्षांत पालकाचा कायदेशीर आवाज सर्वांत क्षीण.

आणि माहिती येते कशी? पूर्वी शिपाई सूचना वही घेऊन वर्गावर्गात फिरायचा, गुरुजी घाईत वाचायचे, मुले घाईत लिहून घ्यायची. घरी आईला वाचता येत नसे, म्हणून मुलाने सूचना स्वतःच वाचून दाखवायची आणि आईचा अंगठा घ्यायचा. आता ग्रुपवर पीडीएफ पडते. घरात फोन एकच, तो बापाबरोबर कामावर. रिचार्ज संपलेला. ऊसतोडीला गेलेले कुटुंब दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत फडावर, मूल आजीजवळ. पालकसभा मंगळवारी अकरा वाजता. जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. आणि मग अहवालात लिहिले जाते, "पालक उदासीन आहेत." ज्याची रोजी बुडते त्याला उदासीन म्हणणाऱ्याला आम्ही काय म्हणावे?

आमच्या वस्तीतल्या एका मुलीची नववीची शिष्यवृत्ती अशीच गेली. बँक खात्याला आधार जोडलेले नव्हते. शाळेने ते ग्रुपवर टाकले होते. तिची आई त्या ग्रुपमध्ये नव्हतीच, कारण प्रवेशाच्या वेळी दिलेला नंबर बंद झाला होता. नवा नंबर कोणी विचारला नाही. पैसे फार मोठे नव्हते. पण त्यातून दहावीची पुस्तके येणार होती.

शिक्षकांवर कामाचा बोजा आहे हे आम्हाला मान्य आहे. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणे, सगळे त्यांच्याच माथी. अनेक शिक्षक स्वतःच्या खिशातून फोन करून पालकांना बोलावतात, त्यांना आमचा सलाम. आमचे भांडण एका शिक्षकाशी नाही. "कळवले" एवढ्यावर जबाबदारी संपते असे मानणाऱ्या पद्धतीशी आहे.

मग आपण काय करायचे? जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घर न घर फिरतो. तीच यादी जूनमध्ये पुन्हा हातात घ्या. प्रत्येक वस्तीत दोघांनी नववी-दहावीच्या मुलांची वही ठेवा : नाव, चालू फोन, दाखल्यावरची जात, बँक खाते, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की नाही. मुख्याध्यापकांना लेखी विनंती द्या की पालकसभा रविवारी किंवा संध्याकाळी घ्यावी आणि महत्त्वाची सूचना वस्तीतल्या विहाराच्या फलकावरही लावावी. अर्जाची पोच घ्या. शिष्यवृत्ती किती मुलांना मिळाली, किती अर्ज कशामुळे परत आले, हे शासकीय किंवा अनुदानित शाळेकडे माहिती अधिकारात विचारता येते. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फीही नाही. आणि समितीची निवड असेल त्या दिवशी आपल्या आयाबहिणींना घेऊन सभेत बसा. तिथे पुरुषांनीच बोलायचे, हा नियम आपणही मोडायला हवा.

आपल्या आजोबांनी साऱ्या गावाचे निरोप वाहिले, तेही दुसऱ्याचे आणि बळजबरीने. आता एक निरोप आपण आपल्या मर्जीने, आपल्याच लेकरांसाठी वाहू. शाळेच्या फलकापासून वस्तीच्या दारापर्यंतचे अंतर काही शे पावलांचे आहे. महाडला आपण त्याहून जास्त चाललो होतो.

जय भीम!