एसी निघाला, पट्टा उरला

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५च्या घरात जातो. अशा ठिकाणी जुन्या गाडीतला एसी काढायचा म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटेल. पण थांबा.

१९८३ साली आलेल्या मारुती ८००चं इंजिन जेमतेम ७९६ सीसी. एसी लावला की चढावर गाडीला धाप लागायची. तरी लोकांनी ते चालवून घेतलं असतं. मुळावर आला तो गॅस. तेव्हाच्या एसीत आर-१२ असायचा. त्यातलं क्लोरीन ओझोनचा थर खातं हे मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं. १९८७ला माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २०१० उजाडताना आर-१२ आपल्याकडून जवळपास हद्दपार झाला. (त्याजागी नुसता आर-१३४ए भरून भागत नाही, कॉम्प्रेसरचं तेलही बदलावं लागतं.) मग बंद पडलेला कॉम्प्रेसर वाहायचा कशाला?

खरी गोम ब्रॅकेटमध्ये आहे. काही इंजिनांत अल्टरनेटरही त्याच ब्रॅकेटवर बसतो. कॉम्प्रेसर काढला की अल्टरनेटरला नवी जागा द्या, वेगळ्या मापाचा पट्टा शोधा. पुल्या एका रेषेत नसल्या तर पट्टा घसरणार. आणि तोच पट्टा वॉटर पंप फिरवत असेल, तर धुळ्याहून निघालेली गाडी पारोळ्याच्या आतच उकळली म्हणून समजा!