बाळाच्या वाढीचें भाकीत

मूल जन्मल्यानंतर सटवाई रात्रीं येते आणि त्याच्या कपाळीं त्याचें सारें आयुष्य लिहून जाते, अशी महाराष्ट्रांतील जुनी समजूत आहे. पांचवी-सहावीच्या त्या रात्रीं पाट्याची पूजा होते, जवळ कोरा कागद व दौत-टाक ठेवतात आणि बाळंतिणीच्या खोलींत दिवा जागता राहतो. सटवाईनें काय लिहिलें हें कोणास वाचतां येत नाहीं आणि एकदां लिहिलेलें कोणास खोडतां येत नाहीं. या दोन गोष्टी मान्य केल्या म्हणजे आई-बापांना करण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं.

गेल्या सुमारें दीडशें वर्षांत वैद्यकानें आणि मानसशास्त्रानें हाच लेख वाचूं पाहिला आहे. मुलानें मान केव्हां धरावी, आधारावांचून केव्हां बसावें, पहिला अर्थपूर्ण शब्द केव्हां उच्चारावा, यांच्या साधारण मर्यादा आतां ठरलेल्या आहेत. या वाटचालींत जें मूल फार मागें पडणार तें आधींच ओळखतां येईल काय, हा प्रश्न ज्या ज्या वेळीं विचारला गेला, त्या त्या वेळीं त्याच्या मागोमाग दुसराही एक प्रश्न उभा राहिला: ओळखल्यावर त्या मुलाचें काय करावयाचें? भाकिताचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांनींच बरा-वाईट ठरला आहे.

आरंभ लंडनपासून करणें सोयीचें. विल्यम जॉन लिटल हे तेथील अस्थिव्यंगांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. त्यांचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून अधू होता आणि जर्मनींत जाऊन त्यांनीं तो नीट करून घेतला होता. १८६१ सालीं तेथील प्रसूतिशास्त्र मंडळापुढें त्यांनीं एक निबंध वाचला. ज्या मुलांचे हातपाय ताठर राहतात, जीं उशिरां चालतात, ज्यांची समज मंद भासते, त्यांच्यापैकीं पुष्कळांचा जन्म अवघड झालेला असतो; कोणी दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेलें असतें, कोणी जन्मतांच गुदमरलेलें असतें, असें त्यांनीं दाखविलें. तोंपर्यंत जन्मवेळेचें संकट म्हणजे जगेल कीं जाईल, एवढाच विचार होत असे. जगलेल्या मुलावरही त्या घटकेची छाया राहूं शकते, हें लिटल यांनीं प्रथम स्पष्टपणें मांडलें.

त्यांच्या म्हणण्यास पहिली महत्त्वाची शंका घेतली ती सिग्मंड फ्रॉइड यांनीं. मनोविश्लेषणामुळें नांव होण्यापूर्वीं ते मज्जाविकारांचे अभ्यासक होते. अवघड जन्म हें कारण नसून, गर्भावस्थेंतच झालेल्या बिघाडाचें तें एक लक्षण असूं शकेल, असें त्यांनीं १८९७ सालीं सुचविलें. या शंकेकडे फार काळ कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें १९५९ ते १९६६ या काळांत अमेरिकेंत सुमारें ५४ हजार गरोदरपणांची व त्यांतून जन्मलेल्या मुलांची पद्धतशीर नोंद झाली. तिच्या आधारें कॅरिन नेल्सन व जोनास एलेनबर्ग यांनीं १९८६ सालीं दाखविलें कीं, मेंदूच्या पक्षाघाताच्या बहुसंख्य मुलांच्या बाबतींत जन्मवेळचें गुदमरणें हें कारण म्हणून पुरत नाहीं. जन्मवेळीं गुदमरलेलीं बहुतेक मुलें पुढें चांगलीं चालतीं-बोलतीं झालीं. प्रसूतीच्या वेळीं आपलें कांहीं चुकलें असावें, या विचारानें वर्षानुवर्षें झुरणाऱ्या मातांच्या दृष्टीनें हा निष्कर्ष लहान नव्हता.

दरम्यान मुलाची समज मोजण्याचें साधन निघालें होतें. १९०५ सालीं पॅरिसमध्यें आल्फ्रेद बिने व थिओडोर सिमों यांनीं बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. शाळेंत मागें पडणारीं मुलें हुडकावीं आणि त्यांस निराळें, अधिक काळजीचें शिक्षण द्यावें, एवढाच तिचा हेतु होता. बुद्धि ही जन्मजात आणि अचल आहे, या मतास बिने यांचा स्पष्ट विरोध होता. परंतु ही कसोटी अटलांटिक ओलांडून अमेरिकेंत गेली आणि तेथें सुप्रजाजननवाद्यांच्या हातीं सांपडली. मग हुडकण्याचा हेतूच पालटला. साह्य करण्यासाठीं नव्हे, तर दूर सारण्यासाठीं माणसें मोजलीं जाऊं लागलीं.

व्हर्जिनिया राज्यांतील कॅरी बक हिचा खटला हें त्याचें कठोर उदाहरण होय. अविवाहित असतां माता झालेल्या या तरुणीस ‘मंदबुद्धि’ ठरवून एका वसाहतींत ठेवण्यांत आलें होतें. तिची आईही तेथेंच होती. तिला पुन्हां मूल होऊं नये म्हणून शस्त्रक्रिया करण्याची परवानगी सरकारास हवी होती आणि त्याकरितां दोष आनुवंशिक असल्याचें दाखविणें भाग होतें. आजी झाली, आई झाली. उरली ती व्हिव्हियन नांवाची मुलगी. १९२४ च्या नोव्हेंबरांत खटला चालला तेव्हां ती अवघी सात-आठ महिन्यांची होती. एका समाजसेविकेनें साक्ष दिली कीं, हें मूल अगदीं सरळ दिसत नाहीं, पण नेमकें काय तें सांगतां येत नाहीं. एवढ्या आधारावर तीन पिढ्यांचा पुरावा पुरा झाला. १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें परवानगी दिली आणि त्याच वर्षीं कॅरीवर शस्त्रक्रिया झाली.

व्हिव्हियन पुढें शाळेंत गेली. १९३१ सालीं तिचें नांव शाळेच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादींत आलें. १९३२ सालीं, वयाच्या आठव्या वर्षीं, आंतड्यांच्या विकारानें ती वारली. पाळण्यांतील मुलीकडे पाहून केलेलें भाकीत खोटें ठरलें होतें. परंतु त्या भाकितावर उभारलेला निकाल तसाच राहिला, आणि अमेरिकेंत अशा कायद्यांखालीं एकंदर साठ हजारांहून अधिक माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या.

त्याच काळांत युरोपच्या उत्तर टोकास एका आईनें या प्रश्नास निराळेंच वळण दिलें. नॉर्वेंतील या बाईंचीं दोन्ही मुलें जन्मवेळीं निकोप होतीं, पण पुढें त्यांची वाढ खुंटली. मुलगी सहा वर्षांची झाली तरी तिला जेमतेम कांहीं शब्द येत. चार वर्षांच्या मुलास चालतांही येत नसे. मुलांच्या अंगास व कपड्यांस एक विचित्र कुबट वास येई. ही गोष्ट ती डॉक्टरामागून डॉक्टरास सांगत राहिली आणि कोणी ती मनावर घेतली नाहीं. अखेर १९३४ सालीं ऑस्लो येथील आस्ब्यर्न फॉलिंग यांनीं तिचें म्हणणें ऐकून घेतलें. त्यांनीं मुलांच्या लघवींत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले, तों तिला गडद हिरवा रंग आला. नेहमींच्या कोणत्याही विकारांत असा रंग येत नसे. आई पुन्हां पुन्हां लघवी आणून देत राहिली आणि फॉलिंग तींतील द्रव्य शोधीत राहिले. अन्नांतील फिनाइलअॅलॅनिन नांवाचा प्रथिनांश या मुलांच्या शरीरास पचवितां येत नाहीं, तो सांठून मेंदूस अपाय करितो, असें निष्पन्न झालें. नंतर त्यांनीं संस्थांतून ठेवलेल्या ४३० रुग्णांची तपासणी केली. त्यांपैकीं आठांच्या लघवींत तोच हिरवा रंग उमटला.

कारण कळलें, पण उपाय नव्हता. तो १९५१ च्या सुमारास इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढला. हा प्रथिनांश वगळलेला आहार एका दोन वर्षांच्या मुलीस देतांच तिच्यांत सुधारणा दिसूं लागली. मात्र झालेली हानि पुरती भरून येत नव्हती; आहार मेंदूस इजा होण्यापूर्वींच सुरू व्हावयास हवा होता. अमेरिकेंतील रॉबर्ट गथ्री यांच्या भाचीस हा रोग होता आणि निदान होईपर्यंत तिचें पहिलें वर्ष उलटून गेलें होतें. त्यांनीं १९६० नंतर नवजात बाळाच्या टांचेंतील रक्ताचे कांहीं थेंब टिपकागदावर घेऊन करण्याची सोपी चांचणी सिद्ध केली, आणि १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यानें ती सर्व बाळांकरितां आवश्यक ठरविली. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच कपाळींचा एक तरी लेख वाचतां आला आणि खोडतांही आला. ऑस्लोच्या त्या आईच्या मुलांना तो लाभ मिळाला नाहीं. पण त्यांच्यामुळें तो जगभरच्या मुलांना मिळाला.

परंतु विकासाच्या बहुतेक विलंबांना असें एकच कारण नसतें. हवाई बेटांपैकीं कौआई या बेटावर १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर, रूथ स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांच्या प्रौढपणापर्यंत घेतला. त्यांच्यांतील बहुतेकांचे आई-बाप उंसाच्या व अननसाच्या मळ्यांशीं बांधलेले होते. जन्मवेळचीं संकटें, दारिद्र्य, घरांतील भांडणें, आई किंवा बाप यांचे मानसिक आजार अशीं चार किंवा अधिक विघ्नें ज्यांच्या वाट्यास दोन वर्षांच्या आंतच आलीं, अशीं सुमारें दोनशें मुलें त्यांच्यांत होतीं. त्यांपैकीं दोन-तृतीयांश मुलांना पुढें शिकण्याच्या वा वागणुकीच्या अडचणी आल्या, म्हणजे भाकीत पोकळ नव्हतें. पण ७२ मुलें समर्थ व मायाळू माणसें झालीं. त्यांच्या बालपणांत एक गोष्ट वारंवार आढळली: आई, आजी, मोठी बहीण किंवा शिक्षक, कोणी तरी एक माणूस त्यांना घट्ट धरून होतें. जन्मवेळच्या साधारण संकटांचा परिणाम वाढत्या वयाबरोबर ओसरत गेला. चांगल्या घरांत तो फारसा उरला नाहीं, विस्कटलेल्या घरांत तो ठळक झाला.

चांचणीचा हिशेबही येथें ध्यानांत घ्यावा. समजा, हजार मुलांत ५० मुलें खरोखर मागें पडणारीं आहेत, आणि चांचणी दोन्हीं बाजूंनीं शंभरांत ऐशीं वेळां बरोबर ठरते. मग ती त्या ५० पैकीं ४० मुलें हुडकील. पण उरलेल्या ९५० पैकीं १९० निकोप मुलांवरही बोट ठेवील. म्हणजे संशयित २३० मुलांपैकीं सुमारें सहांत एक खरें निघेल. म्हणून चांचणींत अडलेलें मूल पुन्हां तपासावयाचें असतें, त्यास नांव ठेवावयाचें नसतें.

हिंदुस्थानांत हें काम बडोदें येथें डॉ. प्रमिला फाटक यांनीं हातीं घेतलें. परदेशांतील मुलांवरून बांधलेल्या मापांत येथील मुलें मोजणें अन्यायाचें होतें; म्हणून बडोद्याच्या मुलांची पाहणी करून त्यांनीं येथल्या बाळांकरितां प्रमाणें ठरविलीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ पासून, जन्मतः दोन किलोपेक्षां कमी वजन असलेल्या मुलांचा मागोवा त्यांच्या तारुण्यापर्यंत घेतला. त्यांचा सरासरी बुद्ध्यंक पुऱ्या वजनाच्या मुलांपेक्षां कांहींसा कमी, पण सामान्य मर्यादेच्या आंतच आढळला. २०१३ सालीं पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानें अशी तपासणी अंगणवाडीपर्यंत नेण्याचें ठरविलें, आणि संशय आलेल्या मुलांसाठीं जिल्ह्याच्या ठिकाणीं लवकर उपचार करणारीं केंद्रें योजिलीं.

व्हिव्हियनकडे पाहणाऱ्यांनीं लेख वाचल्याचा आव आणला आणि पुस्तक मिटून टाकलें. फॉलिंग यांच्याकडे गेलेल्या आईनें पुस्तक मिटूं दिलें नाहीं. एखादें बाळ वेळेवर मान धरीत नसेल, हांकेस वळून पाहत नसेल, आणि घरांतील वडील माणसें उशिरां बोलणें हें त्याच्या घराण्यांतच आहे म्हणून समजूत घालीत असतील, तर आईनें आपली शंका गिळूं नये. डॉक्टरांकडे जावें आणि विचारावें. शंका खोटी ठरली तर एक दिवस गेला एवढेंच. ती खरी ठरली तर पहिल्या दोन-तीन वर्षांचा तो काळ हातीं लागतो, ज्या काळांत मुलाचा मेंदू सर्वांत वेगानें घडत असतो. सहाव्या रात्रीं लिहिलें जातें तें पहिलें पान असेल. पुढचीं पानें लिहिण्याचा टाक पुष्कळ अंशीं घरच्या माणसांच्याच हातीं असतो.