टेन्शन आणि तर्री: दोन्हींचा भार एकाच वेळी नसांवर

टेन्शनने बीपी वाढतो आणि तेल-तूप जास्त झालं की नसांत चरबी साचते, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. पण दोन्ही एकाच दिवशी आले तर काय होतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जालना जिल्ह्यात असे दिवस पुष्कळ येतात. मोसंबीचा भाव पडलेला, रोलिंग मिलची रात्रपाळी, बँकेचा हप्ता, मुलाची दहावी. मुलीच्या निकाहाचं तर विचारूच नका! वालिद सकाळपासून हिशोबात अन् मेहमानांत अडकलेले. मग उशिरा नान-खलिया, वर तर्री.

रक्तवाहिनीला आतून पेशींचा पातळ थर असतो. तो नायट्रिक ऑक्साईड तयार करतो, त्यामुळे गरज पडली की नस सैल होऊन रुंदावते. ताणानंतर काही वेळ हे काम मंदावतं. चरबीदार जेवणानंतर रक्तातले ट्रायग्लिसराईड काही तास वाढलेले राहतात आणि तेही याच थराला त्रास देतात.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दोन्ही एकत्र तपासले. निरोगी तरुणांना एकदा सुमारे ५६ ग्रॅम चरबीचा नाश्ता दिला (लोण्याचे क्रोसाँ, चीज, मलईचं दूध), तर एकदा सुमारे ११ ग्रॅम चरबीचा. दीड तासाने आठ मिनिटं तोंडी गणित, तेही चुका दाखवत, घाई करत. (गणिताच्या तासाला मुलांचे चेहरे आम्ही रोज पाहतो, त्यामुळे ही परीक्षा आम्हाला फारच पटली.) ताणानंतर अर्ध्या तासाने दंडाची नस दोन्ही वेळेस कमी रुंदावली. दीड तासाने मात्र हलक्या नाश्त्यानंतर ती पूर्ववत झाली होती, चरबीच्या नाश्त्यानंतर नाही. म्हणजे ताण ओसरला तरी नस सावरायला जास्त वेळ लागला.

एका नाश्त्याने हार्ट अटॅक येतो, असा याचा अर्थ नाही. पण रोजच टेन्शन आणि रोजच समोसे, भजी, डालडा असेल, तर नसांना सावरायला सवड कधी मिळणार?

दावत बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. निहारी-पाया निवांत दिवशी खावा, वरची तर्री काढून. कचेरीची तारीख, परीक्षा किंवा हप्त्याचा दिवस असेल तेव्हा ज्वारीची भाकर, वरण, भाजी पुरे. चहाबरोबर तळलेल्याऐवजी फुटाणे घ्या. याच संशोधकांनी २०२४ मध्ये, चरबीच्या जेवणासोबत फ्लॅव्हनॉल भरपूर असलेला कोको घेतल्यास नसांचं काम टिकतं, असं दाखवलं. प्रयोग कोकोवर झाला, मोसंबीवर नव्हे. तरी आपल्या जालन्याची मोसंबी भज्यांपेक्षा केव्हाही बरी.

तीस वर्षांवरील सर्वांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगर तपासून घ्यावी, ही तपासणी मोफत असते. अम्मींनाही सोबत न्या, घरातलं टेन्शन बहुधा त्याच जास्त घेतात. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम असं काही झालं तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. लगेच १०८ वर फोन करा.